रॅपर्स डिलाइट, १९७९: एक तबकडी, दोन उसनवाऱ्या

शुगरहिल गँगचं ‘रॅपर्स डिलाइट’ हे हिप हॉपचं पहिलं मोठं हिट गाणं. त्याची गोष्ट सहसा दोन प्रकारे सांगितली जाते. एका गोष्टीत निर्मात्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांची दूरदृष्टी असते, दुसरीत न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या पोरांची झालेली लूट. खरं तर दोन्ही गोष्टी एकाच निर्णयातून निघाल्या. ब्रॉंक्समध्ये रात्र-रात्र रंगणारी मैफल तबकडीवर उतरवायची, पण ती रंगवणाऱ्यांशिवाय, असं ठरलं. संगीत नव्याने वाजवून घ्यायचं आणि आवाज मिळेल तिथून आणायचे. यात बेसची चाल उसनी आली आणि शब्दांचा मोठा तुकडाही उसना आला. बेसच्या धन्यांना श्रेय मिळालं, रॉयल्टी मिळाली. शब्दांच्या धन्याला काहीच मिळालं नाही. एकाच गाण्यातल्या या दोन उसनवाऱ्यांचे हिशेब इतके वेगळे का लागले, हाच या प्रकरणातला शिकण्यासारखा भाग आहे.

आधी काय होतं

कूल हर्कने ११ ऑगस्ट १९७३ ला ब्रॉंक्समधल्या १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत पार्टी केली. हिप हॉपची सुरुवात तिथून धरतात. पद्धत अशी: एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवायच्या. गाण्यात ड्रम्स आणि बेस उघडे पडतात तो तुकडा, म्हणजे ब्रेक, एका प्रतीवर संपला की दुसरीवर सुरू करायचा. तोवर पहिली मागे फिरवून तयार ठेवायची. वीस सेकंदांचा ब्रेक असा हवा तितका लांबवता येई. त्यावर एमसी, म्हणजे माइक हाती घेतलेले, ठेक्यात आणि यमकात बोलत (यालाच रॅप म्हणतात), लोकांना नाचवत, एकमेकांची खिल्ली उडवत.

सहा वर्षं हे सगळं पार्ट्यांमध्ये आणि हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींवर चाललं. याची रेकॉर्ड निघू शकते असं त्या मंडळींना वाटत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. मागे वाजणारं संगीत दुसऱ्याच्या रेकॉर्डचं, वरचे शब्द त्या रात्रीपुरते, आणि कार्यक्रम तासन्‌तास चालणारा. यातलं विकायचं काय? ग्रँडमास्टर फ्लॅश या ब्रॉंक्सच्या डीजेलाही रेकॉर्डसाठी आधी विचारणा झाली होती. दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर कुणी बोलतंय ते विकत कोण घेईल, असं म्हणून त्याने ती सोडून दिली होती.

सिल्व्हिया रॉबिन्सन या जगातल्या नव्हत्या. १९५० च्या दशकात मिकी अँड सिल्व्हिया या जोडीतून त्या गाजल्या होत्या, १९७३ मध्ये ‘पिलो टॉक’ हे त्यांचं स्वतःचं गाणं अमेरिकेच्या मुख्य यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. पती जो रॉबिन्सन यांच्यासोबत न्यू जर्सीतल्या एंगलवूडमध्ये त्यांचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, होतं, स्टुडिओही होता. पण १९७९ पर्यंत धंदा डबघाईला आला होता. त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या हार्लेम वर्ल्ड नावाच्या क्लबमध्ये त्यांनी लव्हबग स्टार्स्की या डीजेला रेकॉर्ड लावता-लावता बोलताना आणि गर्दीला त्याला ओरडून उत्तर देताना पाहिलं. ब्रॉंक्सवाल्यांना जे रोजचं होतं, ते इतकी वर्षं रेकॉर्ड विकलेल्या बाईंना विकाऊ माल म्हणून दिसलं. बाहेरून आल्यामुळेच दिसलं, असं म्हणायला हरकत नाही.

नव्या लेबलला त्यांनी हार्लेममधल्या एका वस्तीवरून शुगर हिल हे नाव दिलं. मग त्यांचा मुलगा जोई याने रॅप करणारी पोरं शोधायला घेतली, आणि शोध ब्रॉंक्समध्ये न जाता एंगलवूडमध्येच सुरू झाला. तिथल्या पिझ्झाच्या दुकानात काम करणारा हेन्री जॅक्सन, म्हणजे बिग बँक हँक, दुकानाबाहेर उभ्या गाडीत बसून रॅप करून दाखवत होता. तिथेच गाय ओब्रायन (मास्टर जी) आणि मायकेल राइट (वंडर माइक) येऊन मिळाले. बाईंना एकच हवा होता, पण तिघेही पसंत पडले आणि तिघांचा गट झाला. शुगरहिल गँग हे नाव लेबलवरून पडलं. हे तिघे गट म्हणून एकाही पार्टीत उभे राहिलेले नव्हते. ब्रॉंक्समधल्या गटांनी वर्षानुवर्षं एकत्र घासून जे बसवलं होतं, त्याची इथे तालीमसुद्धा नव्हती.

चाल: मशीन नाही, माणसं

शीक या डिस्को बँडचं ‘गुड टाइम्स’ जून १९७९ मध्ये आलं आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. बर्नार्ड एडवर्ड्सचा बेस, नाइल रॉजर्सची गिटार, टोनी थॉम्पसनचे ड्रम्स. आठ मिनिटांच्या लांब आवृत्तीत मध्येच सगळी वाद्यं गळतात, बेस आणि ड्रम्स उरतात, मग एकेक वाद्य परत येतं. डीजेंसाठी हा आयता ब्रेक होता. त्या उन्हाळ्यात एमसी मंडळी त्यावर आधीच बोलत होती, त्यामुळे ‘रॅपर्स डिलाइट’ची चाल कुणी नव्याने शोधून काढलेली नाही. जी चाल पार्ट्यांमध्ये वाजत होती, तीच उचलली.

चालीची बांधणी रॅपला इतकी का मानवली, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. फेरी चार बारची (एक बार म्हणजे चार ठोके): दोन बार ई मायनर कॉर्ड, दोन बार ए. गती मिनिटाला साधारण १११ ठोके. बेस पहिले तीन ठोके एकाच स्वरावर ठाम देतो, मग क्षणभर थांबतो आणि नंतर धावतो. त्या तीन ठोक्यांमुळे फेरी कुठे सुरू झाली हे कानाला न मोजता कळतं. एमसीला नेमकं हेच लागतं, कारण ओळ कुठे टाकायची आणि श्वास कुठे घ्यायचा ते त्याला शोधत बसावं लागत नाही. जुन्या पद्धतीच्या रॅपमध्ये साधारण एका बारला एक ओळ आणि यमक ओळीच्या शेवटी, चौथ्या ठोक्याच्या आसपास. चार बारच्या फेरीत यमकाच्या दोन जोड्या चपखल बसतात. शिवाय कॉर्ड दोनच असल्यामुळे चाल कुठेही ‘पुढे’ जात नाही. कडवं संपलं म्हणून संगीत बदलत नाही, त्यामुळे कुणीही कधीही माइक घ्यावा आणि कितीही वेळ बोलावं.

आता ही चाल तबकडीवर आणायची कशी? आजचा वाचक सहज म्हणेल, सॅम्पल करायची, म्हणजे मूळ रेकॉर्डचा तुकडा यंत्राने उचलून पुन्हा-पुन्हा वाजवायचा. पण १९७९ मध्ये सामान्य स्टुडिओत सॅम्पलर नव्हता. हिप हॉप ज्यावर पुढे उभं राहिलं ती एसपी-१२०० आणि एमपीसी ६० ही यंत्रं १९८७-८८ ची. दोन टर्नटेबल लावून डीजेकडून थेट रेकॉर्डिंग करता आलं असतं, पण मग शीकच्या मूळ ध्वनिमुद्रणाचा वापर झाला असता आणि शीकचं बडं लेबल अटलांटिक दारात उभं राहिलं असतं. सिल्व्हियाबाई जुन्या वळणाच्या निर्मात्या, त्यांनी जुनाच मार्ग धरला. वादक बोलावले आणि चाल वाजवून घेतली. हे काम रॉबिन्सन यांच्याच छत्राखाली रेकॉर्ड काढणाऱ्या पॉझिटिव्ह फोर्स या बँडच्या वादकांनी केलं. बेसच्या श्रेयावर चिप शिअरिन या तेव्हा १७ वर्षांच्या वादकानेही पुढे दावा सांगितला. पंधरा मिनिटं तोच बेस न चुकता वाजवत राहायचं होतं आणि त्याचे ७० डॉलर मिळाले, अशी त्याची आठवण आहे. सुरुवातीचा छोटा तुकडा ‘गुड टाइम्स’चा नाही, तो लव्ह डिलक्स यांच्या त्याच वर्षीच्या एका डिस्को गाण्यावरून घेतलेला आहे.

हे काम ऐकायला सोपं वाटतं. १११ च्या गतीला एक बार सव्वादोन सेकंदांपेक्षाही थोडा कमी, म्हणजे गाण्याच्या १४ मिनिटं ३५ सेकंदांत सुमारे ४०० बार, आणि बेसची फेरी जवळपास शंभरदा. शंभरदा तेच वाजवताना हात दमतो, लक्ष उडतं, आणि ड्रमर नकळत गती वाढवतो किंवा सोडतो. गतीत मिनिटाला एक-दोन ठोक्यांचा फरक सलग ऐकताना कुणाला कळत नाही. तो कळतो टेप कापताना. रेडिओसाठी छोटी आवृत्ती करायची तर दुसऱ्या मिनिटातला तुकडा ब्लेडने कापून नवव्या मिनिटातल्या तुकड्याला जोडायचा असतो. गती सरकली असेल तर त्या जोडावर गाणं अडखळतं. म्हणून अशा कामात वादकाची कला किती आहे यापेक्षा घड्याळ किती पक्कं आहे हे बघतात. तरीही माणसांनी वाजवलेल्या फेरीत दर वेळी जो बारीक फरक पडतो, त्यामुळेच इतकं लांब गाणं कंटाळवाणं झालं नाही, हे आमचं मत. याच लांबीचा यंत्रावरचा लूप एवढा वेळ सोसवला नसता.

टेपचाही हिशेब असतो. स्टुडिओतलं २,५०० फुटांचं रीळ सेकंदाला ३० इंच गतीने चालवलं तर १६ मिनिटं ४० सेकंद पुरतं, १५ इंचाने दुप्पट. मोठ्या गतीवर आवाज स्वच्छ मिळतो, पण पंधरा मिनिटांचं गाणं म्हणजे रीळ जवळपास संपलंच. शेवटच्या मिनिटात कुणी चुकला तर नवं रीळ लावून पुन्हा पहिल्यापासून.

पंधरा मिनिटं आणि त्यांची किंमत

बारा इंची सिंगल डिस्कोने रूढ केली होती. तबकडी मोठी, गाणं एकच, त्यामुळे खाचा रुंद ठेवता येतात. खोल बेस आणि मोठा आवाज कोरायला रुंद खाचच लागते. मिनिटं वाढवावीत तशा खाचा जवळ येतात आणि आवाज खाली आणावा लागतो. पंधरा मिनिटं एका बाजूला बसवणं म्हणजे या सोयीची सीमा गाठणं. सात इंची तबकडीवर ४५ च्या गतीला पाच मिनिटांपुढे जाणं अवघड, म्हणून तिच्यासाठी पाच मिनिटांच्या आतली आवृत्ती कापली गेली. पण लोकांनी मागितली ती लांब आवृत्ती. तीन मिनिटांच्या रेडिओच्या जगात कुठलाही शहाणा सल्लागार बाईंना म्हणाला असता की हे कापा. त्यांनी लांब आवृत्तीच पुढे केली, कारण पार्टीत ही गोष्ट लांबच असते. या रेकॉर्डमधला सर्वांत धाडसी निर्णय हाच.

लांबीला दुसरीही एक किंमत होती. अमेरिकेत १ जानेवारी १९७८ पासून लागू झालेल्या कॉपीराइट कायद्यात गीतरचनेच्या धन्याला प्रत्येक तबकडीमागे द्यायचा दर ठरला होता: २.७५ सेंट, किंवा मिनिटाला अर्धा सेंट, यातलं जे जास्त असेल ते. अपूर्ण मिनिट पूर्ण धरायचं. सात इंची आवृत्तीला याप्रमाणे २.७५ सेंट पडतात. १४ मिनिटं ३५ सेकंद म्हणजे १५ मिनिटं, म्हणून ७.५ सेंट. एक लाख तबकड्यांमागे २,७५० डॉलर आणि ७,५०० डॉलर असा फरक. प्रत्यक्ष करारात दर वर-खाली होतो, पण रचनेचा धनी दुसराच कुणी असेल तर लांबीचा दंड निर्मात्याला बसतो, हे गणित बदलत नाही. ‘रॅपर्स डिलाइट’च्या पहिल्या तबकड्यांवर लेखक म्हणून नावं होती सिल्व्हिया रॉबिन्सन आणि तिघा रॅपरांची. एडवर्ड्स आणि रॉजर्स यांचा पत्ता नव्हता.

शब्द

तिघांचे आवाज एकाच दमात, पहिल्याच टेकमध्ये रेकॉर्ड झाले असं सांगितलं जातं. गाणं ऐकून त्यावर विश्वास बसतो. ध्रुवपद नाही, कडव्यांची ठरीव लांबी नाही. माइक एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि मध्ये एकमेकांना हाक मारून पुढच्याला जागा करून दिली जाते. हे नियोजन बेताचंच आहे, पण दर दीड-दोन मिनिटांनी आवाजाचा पोत बदलतो. वंडर माइक खेळकर, हँक जाडजूड फुशारकीचा, मास्टर जी तरुण आणि सडपातळ आवाजाचा. पंधरा मिनिटं ऐकणारा टिकतो तो यामुळे.

दुसरं कारण विनोद. वंडर माइकचा तो प्रसिद्ध तुकडा: मित्राकडे जेवायला जावं, जेवण भयंकर निघावं आणि शिष्टाचारापोटी निमूट खात बसावं. ज्याने ब्रॉंक्स नकाशातही पाहिलेलं नाही त्यालाही हे कळतं. पार्टीत एमसीचं अर्धं बोलणं समोरच्या गर्दीला उद्देशून असतं आणि रेकॉर्डवर ती गर्दी नसते. वंडर माइक सुरुवातीलाच थेट घरात बसलेल्या श्रोत्याशी बोलायला लागतो, ओळख करून देतो, काय ऐकायला मिळणार ते सांगतो. ज्यांनी रॅप कधी ऐकलेलाच नव्हता त्यांच्यासाठी ही प्रस्तावना कामाला आली.

आणि आता हँक. ब्रॉंक्समध्ये हँक एमसी म्हणून कुणाला माहीत नव्हता. तो ग्रँडमास्टर कॅझ या तिथल्या एमसीचं व्यवस्थापन बघायचा. कॅझ पुढे कोल्ड क्रश ब्रदर्स या गटातून ओळखला गेला, आणि आधी त्याचं एक नाव होतं कॅसानोव्हा फ्लाय. पिझ्झाच्या दुकानात हँक त्याच्याच टेपवर बरोबरीने बोलायचा. रेकॉर्डची संधी आल्यावर त्याने कॅझकडे ओळी मागितल्या आणि कॅझने आपली वही त्याच्यापुढे टाकली, हवं ते घे म्हणून. कागद नाही, रक्कम नाही. यातून काही निघालं तर आपलीही वर्णी लागेल, एवढीच अपेक्षा.

हँकने ओळी घेतल्या त्या जशाच्या तशा. कॅझने एका ठिकाणी स्वतःच्या नावाची अक्षरं एकेक करून यमकात गुंफली होती, कॅसानोव्हापासून फ्लायपर्यंत. हँकने तीही तशीच म्हटली. म्हणजे बिग बँक हँक नावाचा माणूस जगभर विकल्या गेलेल्या तबकडीवर भलत्याच माणसाच्या नावाचं स्पेलिंग सांगतो आहे. इतर श्रोत्यांना ती गमतीची अक्षरं वाटली. ब्रॉंक्समध्ये ज्याने कॅझच्या कॅसेटी ऐकल्या होत्या त्याला पहिल्या ऐकण्यातच कळलं की हे कुणाचं आहे. सुपरमॅनची टर उडवणारा आणि लोइस लेनला पटवणारा लांब तुकडाही कॅझचाच. स्टुडिओत कुणी हे ओळखून नाव बदलायला सांगितलं नाही, कारण तिथे ब्रॉंक्सच्या पार्ट्यांना गेलेलं हँकखेरीज बहुधा कुणी नव्हतंच. बाहेरून आल्याचा जो फायदा आधी पाहिला, त्याची ही दुसरी बाजू.

दोन उसनवाऱ्यांचे दोन हिशेब

नाइल रॉजर्सने हे गाणं पहिल्यांदा न्यूयॉर्कच्या लेव्हिटिकस क्लबमध्ये ऐकलं. त्याची बाजू कायद्याने भक्कम होती, आणि ती का भक्कम होती हे नीट समजून घ्यावं. अमेरिकी कायद्यात गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात: रचनेवरचा आणि ध्वनिमुद्रणावरचा. दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण न वापरता हुबेहूब तसंच वाजवून घेतलं, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क मोडत नाही. म्हणून वादकांकडून वाजवून घेतल्यामुळे रॉबिन्सन एका दाव्यातून सुटले. रचनेच्या दाव्यातून सुटका नव्हती. प्रसिद्ध झालेलं गाणं ठरलेला दर भरून कुणीही पुन्हा गाऊ शकतं, पण त्या सक्तीच्या परवान्यात मूळ चाल किंवा गाण्याचा गाभा बदलता येत नाही. त्या चालीवर संपूर्ण नवे शब्द घालणं म्हणजे नवी साधित रचना, आणि तिला धन्याची परवानगी लागते. इथे ती घेतलेली नव्हती. रेकॉर्ड बाजारात धडाक्याने विकली जात होती, म्हणजे खटला लांबवणंही रॉबिन्सन यांना परवडणारं नव्हतं. दाव्याच्या धमकीनंतर तडजोड झाली आणि एडवर्ड्स-रॉजर्स ही नावं गाण्याच्या लेखकांत आली. रॉजर्सने पुढे या रेकॉर्डचं मनापासून कौतुकही केलं. हिशेब मिटला की कौतुक करणं सोपं जातं.

कॅझचं काय? त्याला हक्कच नव्हता असं अनेकदा लिहिलं जातं, ते चूक आहे. १९७८ नंतरच्या कायद्यात ओळी कागदावर उतरल्या क्षणी हक्क जन्माला येतो, म्हणजे वही पुरेशी होती. हक्क दुसऱ्याला कायमचा द्यायचा तर सहीचा लेखी कागद लागतो, तसा कागद कधी झालाच नाही. पण नुसतं वापरू देण्याची परवानगी तोंडीही चालते, किंवा वागण्यातूनही ती दिली असं धरता येतं. ‘घे वही’ म्हणून पुढे टाकणं म्हणजे नेमकी तीच, असं समोरचा वकील म्हणणार. दावा लावायचा तर आधी नोंदणी हवी, आणि तो तीन वर्षांच्या आत लावायला हवा. ब्रॉंक्समधल्या पोराकडे प्रकाशक नाही, वकील नाही, नोंदणी काय असते हे सांगणारं कुणी नाही. शीकच्या मागे हे सगळं होतं. दोघांच्या हक्कांत फार फरक नव्हता. फरक होता तो हक्क वसूल करणाऱ्या यंत्रणेत.

आज अशा कामात स्टुडिओतून बाहेर पडण्याआधी वाटणीचा कागद करतात: कुणी काय लिहिलं, कुणाचा किती टक्के, बेरीज १००, तारीख, सह्या. कॅझचा असा कागद असता तर सगळं सुरळीत झालं असतं का? तेही इतकं सोपं नाही. चाल दुसऱ्याची असेल आणि परवानगी रेकॉर्ड बाजारात आल्यावर मागायची वेळ आली असेल, तर मूळ धनी मोठा हिस्सा मागतात, कधी कधी सगळाच. मग शब्द लिहिणाऱ्यांच्या टक्केवारीला उरतं काय? म्हणून क्रम महत्त्वाचा: चालीच्या धन्याशी बोलणी आधी, शब्दांची वाटणी उरलेल्यातून, आणि रेकॉर्ड त्यानंतर. एंगलवूडमध्ये हा क्रम बरोबर उलटा झाला.

बाजारात

रेकॉर्ड सप्टेंबर १९७९ च्या मध्याला आली. दोन महिनेच आधी, १२ जुलैला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटाने उडवल्या गेल्या होत्या, आणि डिस्कोकडे पाठ फिरवण्याची हवा होती. डिस्कोच्या पाठीवर बसून आलेल्या या गाण्याला ते मारक ठरायला हवं होतं. ठरलं नाही, कारण ऐकणाऱ्यांना त्यातली नवलाई बोलण्यात दिसली, चालीत नाही.

अमेरिकेच्या मुख्य यादीत ते जानेवारी १९८० मध्ये ३६ पर्यंत गेलं. पहिल्या चाळिसांत शिरलेलं हे पहिलं रॅप सिंगल. आर अँड बीच्या, म्हणजे कृष्णवर्णीय संगीताच्या, यादीत चौथं, ब्रिटनमध्ये तिसरं, कॅनडा आणि नेदरलँड्समध्ये पहिलं. ३६ हा आकडा बघून फसू नये. तेव्हाची यादी दुकानदारांनी कळवलेला खप आणि रेडिओवरचं वाजणं यांवरून बनायची, बारकोडवरून विक्री मोजणं १९९१ मध्ये आलं. पंधरा मिनिटांचं, लहान लेबलचं, कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतल्या दुकानांतून विकलं जाणारं गाणं अशा यादीत नेहमीच कमी भरतं. युरोपातले क्रमांक म्हणूनच जास्त बोलके.

हा पहिला रॅप रेकॉर्ड नव्हे, हेही सांगून टाकायला हवं. फॅटबॅक बँडचं ‘किंग टिम ३’ त्याच वर्षी थोडं आधी आलं होतं. पण त्यात रॅप हा एका फंक बँडच्या गाण्यातला प्रयोग होता. ‘रॅपर्स डिलाइट’मध्ये रॅपशिवाय दुसरं काहीच नाही.

ब्रॉंक्समधली प्रतिक्रिया कडू होती. ज्यांनी हे घडवलं त्यांना ही माणसं कोण तेच ठाऊक नव्हतं. कानावर पडलेल्या ओळी मात्र ओळखीच्या. कॅझचा राग तर जाहीर आहे, आणि तो आजवर त्याबद्दल बोलत आला आहे. पण रागासोबत एक शंका फिटली: रेकॉर्ड विकली जाते. वर्ष संपायच्या आत ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह आणि फंकी फोर प्लस वन यांच्या रेकॉर्डी हार्लेमच्या एन्जॉय लेबलवर आल्या. त्या लेबलचे मालक बॉबी रॉबिन्सन, सिल्व्हियाबाईंशी नातं नाही. कर्टिस ब्लो या रॅपरला मर्क्युरीसारख्या मोठ्या कंपनीने घेतलं. फ्लॅशची मंडळी १९८० मध्ये चक्क शुगर हिलकडेच आली. तिथून १९८१ मध्ये फ्लॅशने फक्त टर्नटेबलवर घडवलेली रेकॉर्ड निघाली, आणि तीत ‘गुड टाइम्स’ची मूळ तबकडीच वाजते. दोन वर्षांपूर्वी ज्या कारणासाठी वादक बोलावले होते, ती भीती एवढ्यात ओसरली होती.

वादकांची पद्धत तरीही काही वर्षं टिकली. डग विंबिश बेसवर, स्किप मॅकडॉनल्ड गिटारवर, कीथ लब्लांक ड्रम्सवर असा पक्का बँडच शुगर हिलने पदरी ठेवला आणि लेबलची पुढची गाणी त्याने वाजवली. १९८३ मध्ये रन-डीएमसी या गटाने केवळ ड्रम मशीनच्या ठोक्यावर रॅप करून दाखवला आणि तो बँडचा आवाज एकदम जुना झाला. त्यानंतर सॅम्पलर आले, आणि कुणालाच न विचारता रेकॉर्डचे तुकडे उचलण्याची काही वर्षं आली. डिसेंबर १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने परवानगीविना सॅम्पलिंग म्हणजे चोरी असं ठणकावल्यावर तीही संपली. तेव्हापासून ध्वनिमुद्रणाच्या धन्याची किंमत परवडत नसेल तर निर्माते स्टुडिओत वादक बसवतात, तुकडा जसाच्या तसा वाजवून घेतात आणि फक्त रचनेच्या धन्याशी बोलणी करतात. १९७९ मध्ये एंगलवूडला केलं ते हेच, फरक इतकाच की आता बोलणी रेकॉर्डच्या आधी होतात.